त्या दिवशी कॅमेरा कोणी बंद केला

शमीम, तुला घरातून नेलं तेव्हा मी आतल्या खोलीत बायकांमध्ये बसले होते. पुरुष जनाजा घेऊन गेले आणि घर एकदम रिकामं झालं. तुझ्या मोठ्या जाऊबाईंनी माझ्याकडे निरखून बघत विचारलं, "तू हिची कोण गो?"

"मी तिच्यावांगडा काम करतंय," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली, पण त्यांचं समाधान झालं नाही. माझंही झालं नाही. दहा वर्षं आपण एकत्र होतो. एका खोलीत राहिलो, एका डब्यात जेवलो, एका दुचाकीवरून अख्खा जिल्हा फिरलो. तरी 'मैत्रीण' म्हणायला माझी जीभ रेटली नाही. त्याचं कारण तुला माहीत नाही. ते सांगायलाच आज लिहायला बसले आहे. पण थेट मुद्द्यावर यायची सवय तुझी होती, माझी नाही. मी आपली पहिल्यापासून सांगते.

तुला आठवतं, कोल्हापूरच्या त्या प्रशिक्षण केंद्रात पहिल्या दिवशी आपल्याला कोणीतरी पालक समजलं होतं? वर्गात सगळी विशीतली मुलं. रेडिओ आणि टीव्ही प्रसारणाचा सहा महिन्यांचा अभ्यासक्रम, वयाची अट नाही असं जाहिरातीत छापलेलं, म्हणून आपण दोघी आलो होतो. मी एकोणचाळीस वर्षांची. ओरोसच्या कचेरीत कंत्राटी ऑपरेटर म्हणून नऊ वर्षं दुसऱ्यांची नावं, गट नंबर आणि पत्ते टाइप करून कंटाळलेली. आज ना उद्या कायम होईन या आशेवर बसलेल्या माझ्या आईने, मी नोकरी सोडली म्हटल्यावर दोन दिवस अबोला धरला होता. आणि तू बेचाळीसची, मालवणात बंदराजवळ घरच्या ओट्यावर ब्लाउज शिवणारी, दोन मोठ्या मुलींची आई.

"तू कशी काय आलंस?" मी विचारलं होतं.

तू सांगितलंस, पुतणीच्या निकाहला बायकांच्या बाजूचं चित्रण झालंच नाही, कारण कॅमेरावाला पुरुष होता. बायकांनी तुझ्या हातात मोबाईल दिला. नंतर सगळ्यांनी ते पाहिलं आणि म्हणाल्या, हात जरासुद्धा हलला नाही गो तुझा. "वीस वर्सां सुयेत दोरो घालतंय," तू हसत म्हणालीस, "हात कित्याक हलात?"

तुझ्या नवऱ्याने, हनीफभाईंनी, तुला एसटीत बसवताना पिशवीत घावन बांधून दिले होते. इंजिनाची तेलं विकणारा माणूस पहाटे उठून घावन काढतो, याचं मला केवढं नवल वाटलं होतं! तुला अजिबात वाटत नव्हतं. "माझ्यापेक्षा बरे काढता तो," एवढंच म्हणालीस आणि अर्धे माझ्यापुढे सरकवलेस.

मला बातम्या वाचायच्या होत्या. सर म्हणायचे, तुमच्या बोलण्याला मालवणी हेल आहे, तो गेला पाहिजे. मी रोज संध्याकाळी खोलीत मोठ्याने वर्तमानपत्र वाचायची आणि तू पलंगावर बसून कुणाचं तरी फाटलेलं शिवत ऐकायचीस. त्या सहा महिन्यांत अर्ध्या वसतिगृहाची बटणं तू लावून दिलीस. एकदा माझं एक लांबलचक वाक्य संपल्यावर तू मान वर केलीस.

"वाचतंस ता बरा आसा. पण माझ्या सासूक ह्यातला काय कळतला?"

"बातम्या अशाच असतात," मी म्हटलं.

"मगे त्या कोणासाठी असतत?"

मला राग आला होता. मी तेच वाक्य आणखी मोठ्याने वाचलं. हेल मी घालवला. गेला तो गेलाच. आता मालवणीत बोलताना कधीकधी माझं मलाच नाटकी वाटतं, हे मी तुला सांगितलं नव्हतं.

शेवटी प्रत्येकाने दहा मिनिटांचा माहितीपट करायचा होता. आपण दोघींनी मिळून केला. जाता-येता बस फोंडाघाटला चहाला थांबायची तिथे काजूगर विकणारी एक बाई बसायची, तिच्यावर. तू आधी दोन दिवस कॅमेरा पिशवीतून काढलाच नाहीस, तिच्याशेजारी बसून गर सोलत राहिलीस. माझा जीव वर-खाली. चित्रण झाल्यावर तू ते सगळं तिला दाखवलंस. घाटावरून येणारा ट्रक बघून ती खळखळून हसते असा एक तुकडा होता, आपल्या सगळ्या फितीतला सगळ्यांत सुंदर. ती म्हणाली, "ह्या काढून टाक गो. माझो पदर सरकलो."

तू तिथल्या तिथे पुसलास. बसमध्ये मी तुझ्याशी भांडले. सरांनी पाहिला असता तर प्रदर्शनात गेला असता, त्या बाईला काय कळतंय, एवढ्याशा पदराने काय होतंय. घाट अर्धा चढल्यावर तू म्हणालीस, "पदर तिचो आसा." आणि पुन्हा घावन काढलेस.

पुढे कणकवलीच्या त्या केबल वाहिनीत आपल्याला काम मिळालं. तू कॅमेऱ्यावर, मी माइक घेऊन. हनीफभाईंची दुचाकी तू चालवायचीस, मी मागे कॅमेरा मांडीवर तान्ह्या बाळासारखा धरून. लोक हसायचे. पांढरा रंग पांढरा दिसतो की नाही हे कॅमेऱ्याला दाखवायला पांढरा कागद धरतात, तो आपण कायम विसरायचो, मग तू तुझी पांढरी ओढणी माझ्या हातात द्यायचीस. ग्रामसभा, शाळांची संमेलनं, भजनी मंडळं, आंब्याचा मोहर. तीन वर्षं. माझ्या आयुष्यातली सर्वांत सुखाची तीन वर्षं ती, शमीम. हेही तुला सांगायचं राहिलं.

मग आरोंद्याची ती होडी.

दसरा होऊन गेला होता. अचानक वादळी वारा सुटला आणि खाडीच्या तोंडाशी होडी उलटली. चौघे होते. तिघे पोहून आले, एक आला नाही. आपण पोचलो तेव्हा दुसरा दिवस उजाडला होता आणि शोधायला सरकारी बोट आलेली नव्हती. गावातलेच लोक आपापल्या होड्या घेऊन फिरत होते. मी धक्क्यावर उभी राहून बोलले, चिडून बोलले, आणि ते तू नीट टिपलंस. दहाच्या सुमारास दोन होड्या परत आल्या. त्यांचा संथ वेग बघूनच लोकांना कळलं.

त्याची आई, आपण तिला पार्वतीकाकी म्हणू लागलो ते पुष्कळ नंतर, तेव्हा ती फक्त त्याची आई होती. ती धक्क्याच्या पायऱ्यांवरून धावत पाण्यात गेली. कमरेएवढ्या पाण्यात पडली, उठली, पुन्हा पडली. लुगडं सुटलं. ती ओरडत होती आणि तो आवाज माणसाचा वाटत नव्हता.

तू कॅमेरा खांद्यावरून काढलास आणि माझ्या हातात कोंबलास. चप्पल काढायलाही थांबली नाहीस. पाण्यात उतरून तिला पाठीमागून धरलंस आणि तुझी ओढणी तिच्याभोवती गुंडाळलीस.

कॅमेरा चालूच होता. मी तो डोळ्याला लावला. हो, लावला. तुम्ही दोघी चौकटीच्या बरोब्बर मध्ये होता. माझ्या मनात आलं, हे दाखवलं तर उद्या इथे बोट येईल. आणि दुसरंही मनात आलं, असं चित्र पुन्हा मिळायचं नाही. तू वळून पाहिलंस.

"नंदा, बंद कर तो!"

मी बंद केला.

धक्क्यावर दुसरे होतेच. कुणीतरी मोबाईलवर घेतलं. संध्याकाळपर्यंत ते सगळीकडे फिरलं, दुसऱ्या एका वाहिनीवरही लागलं. आपल्याकडे मात्र धक्क्यावरची मी होते आणि रिकामं पाणी.

दुसऱ्या दिवशी मालकांनी मला केबिनमध्ये बोलावलं. तुझ्या आधी. ते ओरडले नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, "तुम्ही दोघी तिथे होता. कॅमेरा कोणी बंद केला?"

मी म्हटलं, "शमीमने."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पुढे म्हटलं, "मी तिला सांगत होते, घे. ती ऐकेना."

एवढंच. दोन वाक्यं. मला कुणी धमकावलं नव्हतं. तू म्हणाल्यामुळे मी बंद केला, म्हणजे एका अर्थी तूच केलास, असं मी नंतर स्वतःला पुष्कळ समजावलं. पण 'मी तिला सांगत होते, घे' हे कुठून आलं? ते शुद्ध खोटं होतं. आईने धरलेला अबोला, सोडलेली नोकरी, चाळिशी उलटलेली, हे सगळं त्या क्षणी माझ्या डोळ्यांपुढे आलं, असं सांगितलं तर तू समजून घेशील. म्हणूनच ते सांगत नाही.

तुला त्याच दिवशी काढलं. खाली दुचाकीला किक मारताना तू म्हणालीस, "जावंदे गो. काम गेला, हात थोडेच गेले!" आणि मी तुझ्या नजरेला नजर न देता म्हटलं, "पण तू चुकलीसच." आपलं ते भांडण तिथून सुरू झालं आणि ते कधीच मिटलं नाही. ते भांडण मात्र खरं होतं, हे लक्षात घे. मला खरंच तसं वाटत होतं. त्या मोबाईलवरच्या चित्रामुळे ओरड झाली, कचेऱ्यांत फोन गेले आणि दोन महिन्यांत खाडीवर शोधाची बोट आली. पुढच्या वर्षी त्या बोटीने दोन माणसं जिवंत आणली. हे मी तुला किती वेळा ऐकवलं असेल!

"इली ना बोट," तू म्हणायचीस. "बरा झाला. पण ती बाय अजून बाजारात जाणा नाय. तिका बघून लोक मोबाईल आठवतत."

"मग दोन माणसं मेलेली चालली असती?"

यावर तू गप्प व्हायचीस. हरल्यासारखी नव्हे, खरोखर विचार करत असल्यासारखी. मला ते सहन व्हायचं नाही.

तुला काढल्यावर सात-आठ महिने मी तुला फोन केला नाही. मला बढती मिळाली, मी रोजच्या बातम्या वाचू लागले. लोकांना वाटलं, त्या भांडणामुळेच मी बोलत नाही. तुलाही तसंच वाटलं, आणि मी तसंच वाटू दिलं. शेवटी तूच आलीस. कार्यालयाच्या फाटकाशी बांगड्याच्या तिकल्याचा, तुझ्या त्या तिखट कालवणाचा, डबा घेऊन उभी.

"खुळी काय गो तू? भांडान झाला म्हणान कोण जेवूचा सोडता?"

तिथेच बाकावर बसून आपण जेवलो. तेव्हा सांगायला हवं होतं. तोंडात घास होता.

त्या जेवणातच तू सांगितलंस की तू पुन्हा शिकतेयस. सेहेचाळिसाव्या वर्षी! एका संस्थेने दोन खोल्यांत सामुदायिक रेडिओ सुरू केला होता, तिथे तीन महिने आवाज मुद्रित करायचं आणि जोडायचं शिकवत होते. "हयसर कोणाक तोंड दाखवूचा लागणा नाय," तू म्हणालीस. "माका ह्याच होया होता, नंदा. पयल्यापासून. माका म्हायत नव्हता इतक्याच."

वर्षभराने मीही तिथे आले. लोक म्हणाले टीव्ही सोडून हे काय खूळ. मी कारण सांगायची, आवाजाचं माध्यम जास्त सखोल वगैरे. खरं कारण तू होतीस. तुझ्याशेजारी बसल्याशिवाय मला काम केल्यासारखं वाटत नव्हतं, आणि तुझ्याशेजारी बसलं की ती दोन वाक्यं घशाशी यायची. दोन्ही एकदमच.

आरोंद्याला तू वर्षभर जात होतीस हे मला तिथे आल्यावर कळलं. रेकॉर्डर न नेता. पार्वतीकाकीकडे जायचीस, माडाच्या झावळ्या विणायला बसायचीस, परत यायचीस. मग एक दिवस तीच म्हणाली, "तुझ्या त्या रेडिओत मी बोललंय तर चलात?"

आपण दोघी गेलो. मी काही विचारायचं नाही, असं तू मला बसमध्ये बजावलंस. काकी तासभर बोलली. होडीबद्दल अगदी थोडं. तिचा मुलगा, तिचो झील, लहानपणी खेकडे धरायला जायचा आणि एकदा खेकडा चड्डीला धरून तसाच घरी आला, ते सांगताना ती इतकी हसली की तुझ्या हातातला माइक थरथरला. तुझा हात हललेला मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. तिने सांगितलं की त्याला कढी आवडायची नाही, की तो बायकोला चोरून गजरे आणायचा, की त्याचं नाव घेतलं की लोक घाबरतात आणि तिला ते नाव कुणीतरी घ्यावं असं वाटतं. तिने ते स्वतः घेतलं. तीन-चारदा, मोठ्याने.

तो कार्यक्रम लागला त्या आठवड्यात ती बाजारात गेली. मासेवाल्या बायकांनी तिला बोलावून बसवलं आणि झिलाच्या आठवणी काढल्या. हे तू मला फोनवर सांगितलंस आणि रडलीस.

पण मला सांगायचंय ते वेगळंच. त्या दिवशी ध्वनिमुद्रण संपल्यावर काकीने चहा दिला आणि अचानक विचारलं, "त्या दिसा धक्क्यार तुमचो कॅमेरो होतो ना गो? तो बंद कोणी केलो?"

तू कपातून वर पाहिलंस आणि माझ्या खांद्यावर हात ठेवलास.

"हिणा केलो," तू म्हणालीस.

काकी उठली, माझ्याजवळ आली आणि तिने माझ्या तोंडावरून हात फिरवला. "बरा केलंस गो बाय," ती म्हणाली.

तोच प्रश्न. त्याच दोघी. मला त्याचं उत्तर देऊन नोकरी राखायची होती, तुला त्याचं उत्तर देऊन काहीच मिळवायचं नव्हतं. आणि तू खरं बोललीस, शमीम, बटण माझ्याच बोटाने दाबलं होतं. परतीच्या बसमध्ये मी झोपेचं सोंग घेतलं.

मग तुझी किडनी. आठवड्यातून दोनदा डायलिसिस, आणि मी शेजारी स्टुलावर. तू हेडफोन लावून तिथेही कार्यक्रम जोडत पडायचीस. तुझे हात सुजले होते, तरी कुठे श्वास काढायचा आणि कुठे ठेवायचा हे तुझ्याइतकं कुणाला कळलं नाही. "बोलताना माणूस थांबता ना, ता कापूचा नाय," तू मला शिकवायचीस, "थयच तो खरो आसता." एकदा मी हिंमत केली. म्हटलं, "शमीम, ती होडी झाली ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी मालकांनी आधी मला बोलावलं होतं—"

"मगे सांग," तू म्हणालीस, "आधी ह्या ऐक," आणि हेडफोनचं एक टोक काढून माझ्या कानात घातलंस. वेंगुर्ल्याकडची कुणी म्हातारी पोरांना झोपवताना गाते ते होतं. आपण दोघींनी ते ऐकलं. संपल्यावर तुला डोळा लागला होता.

नंतर सहा आठवडे होतीस तू. सहा आठवडे, शमीम. मी रोज आले आणि रोज हवापाण्याचं बोलले.

तुझ्या चाळिसाव्या दिवसाला घरी गेले होते. जेवणं झाल्यावर हनीफभाई ओट्यावर एकटेच बसले होते, तुझं शिलाई मशीन होतं तिथे. मी त्यांच्यासमोर बसले आणि सगळं सांगितलं. केबिन, प्रश्न, दोन वाक्यं. त्यांनी मध्ये एकदाही थांबवलं नाही. ते चिडतील असं वाटलं होतं. किंवा म्हणतील, तिला ठाऊक होतं गो, तिने कधीच माफ केलं. खरं सांगू? मी तेच ऐकायला गेले होते.

त्यांनी मशीनचं झाकण सारखं केलं. मग म्हणाले, "माका कित्याक सांगतंस? तिका सांगूक होया होता."

आवाजात राग नव्हता. ते उठून आत गेले, पाण्याचा तांब्या आणून माझ्यापुढे ठेवला आणि पुन्हा आत गेले. मी पाणी प्यायले आणि निघाले.

म्हणून आता लिहून सांगते आहे, चारचौघांना वाचता येईल असं, तुझं नाव घेऊन. तुझी नोकरी माझ्यामुळे गेली. मी खोटं बोलले, आणि मग सहा-सात वर्षं तुझ्या डब्यातलं जेवले.

तू काय म्हणाली असतीस याचा विचार रोज करते. हसली असतीस, चिडली असतीस, की पुन्हा ते 'जावंदे गो'? तुझा आवाज मला इतका पाठ आहे की यातलं कुठलंही वाक्य मी हुबेहूब ऐकू शकते. आजवर आपण किती लोकांचं बोलणं जोडलं. हेही जोडता येईल. पण ते तू बोललेली नाहीस. तिथे तू गप्प आहेस, आणि ते मी कापणार नाही.